अर्धा पॉइंट पिवळा

काका गेले ते दुपारी सव्वा वाजता, म्हणजे त्यांच्या नियमात बसेल अशा वेळी. सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी चारच्या नंतर माणसाने कुठलाही निर्णय घेऊ नये, त्या वेळचा उजेड भरवशाचा नसतो, असं ते म्हणत. हा नियम त्यांनी स्वतः आयुष्यभर पाळला आणि आमच्या इमारतीलाही पाळायला लावला. त्यामुळे आमच्याकडे नोकरदार माणसाला टीव्ही घ्यायचा असला तर आधी रजा टाकावी लागे.

ते माझे नात्याने कोणी नव्हते. अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची चार मजली इमारत आहे. मी दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो आणि घरी आल्यावरही वाचतच असतो, त्यामुळे इमारतीत माझं मत कोणी कशात विचारत नाही. काकांचं मत सगळ्यात विचारत. खरं म्हणजे विचारण्याची वेळ क्वचितच येई.

निवृत्त होईपर्यंत ते इथल्याच एका कारखान्यात शेडमास्टर होते. कापड रंगवण्याचा कारखाना. गिऱ्हाईक चार बोटांचा एक तुकडा पाठवी आणि म्हणे, मला हजार मीटर असंच हवं. रंगवून आलेलं कापड त्या तुकड्याशी जुळतं की नाही हे काका ठरवत. उत्तरेच्या खिडकीशी उभं राहायचं, राखाडी पुठ्ठ्याला मधोमध पाडलेल्या चौकोनी भोकातून आधी तुकड्याकडे बघायचं, मग कापडाकडे. शेजारी कोणी तांबडा शर्ट घालून उभं राहायचं नाही. एवढ्यावर ते सांगत, "अर्धा पॉइंट पिवळा," आणि हजार मीटर कापड परत हौदात जाई. हे पॉइंट कुठल्या मापाचे, हे मी आमच्या ग्रंथालयात बरंच शोधलं. कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. पुढे कारखान्याने रंग मोजणारं मशीन आणलं. काकांनी पंधरा दिवस ते मशीन तपासलं आणि बाद केलं. मशीनला निवृत्तीचं वय नव्हतं, काकांना होतं. मशीन राहिलं.

निवृत्तीनंतर त्यांच्याकडे पुठ्ठा होता, नजर होती आणि बाद करायला काही नव्हतं. नेमक्या त्याच सुमारास लोकांनी मोठमोठे टीव्ही आणि दर दोन वर्षांनी नवा मोबाईल घ्यायला सुरुवात केली. काकांना दुसरी नोकरी लागली.

आम्ही सगळी शिकलेली माणसं. चाळीस लोकांची परीक्षणं मोबाईलवर वाचायचो, तीन दुकानांतल्या किमती पाडून बघायचो, इंच आणि वॉट आणि रिफ्रेश रेट पाठ करायचो, आणि मग जिना चढून तिसऱ्या मजल्यावर जाऊन विचारायचो, "काका, कोणता घेऊ?" त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. याचाच आम्हाला विश्वास वाटे. ते म्हणत, "शोरूममध्ये सगळे टीव्ही धबधबे दाखवतात. तुमच्या घरात धबधबा आहे का? घरात माणसं असतात. माणसाचं कातडं दाखवायला सांगा." ते दाखवण्यासाठी त्यांच्याकडे एक पेन ड्राइव्ह होता. त्यात त्यांच्या मुलीच्या लग्नातली सप्तपदी होती, चार मिनिटांची, मुलगी मोरपंखी शालूत. "हा शालू माझ्या डोळ्यांत बसलेला आहे," ते सांगत. "मला नमुना न्यावा लागत नाही. डोळा खोटं बोलत नाही, कंपनी बोलते."

कोणी त्यांना न विचारता टीव्ही घेतलाच, तर ते बोलावण्याची वाट न बघता येत, भोकातून बघत आणि टीव्हीच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवत. चिठ्ठीवर 'बाद' आणि खाली लफ्फेदार सही. टीव्ही भिंतीवर असे, चिठ्ठी भिंतीकडे, ती कोणाला दिसत नसे. पण ती तिथे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत असे, आणि बातम्या बघताना ते पुरेसं होतं.

पहिल्या मजल्यावरच्या स्नेहाने पहिल्या पगारातून मोबाईल घेतला. काकांनी जिन्यातच अडवून बघितला.

"पिवळा आहे."

"काका, अ‍ॅमोलेड आहे."

"असेल. पिवळा आहे."

"अहो पण मी यावर फक्त रील्स बघते."

"मग तर आणखीच जपायला हवं," काका म्हणाले.

तिने नंतर हेडफोन घेतले आणि मुद्दाम त्यांना नेऊन दाखवले. काका म्हणाले, "कानाची वस्तू. माझा विषय नाही." ती जिंकल्यासारखी वळली, तेवढ्यात मागून आवाज आला, "पण पांढरे म्हणून विकले असतील तर पांढरे नाहीत."

त्यांनी आयुष्यात एकच टीव्ही पास केला, तो माझा. दुकानात त्यांनी रिमोट हातात घेतला आणि रंगाचं गणित निळ्याकडे, आणखी निळ्याकडे, जाईल तितकं नेलं. मग पुठ्ठा खाली केला आणि म्हणाले, "हा बरोबर. पास. याला हात लावायचा नाही." मी हात लावला नाही. पुढची तीन वर्षं माझ्या घरी बातम्या देणारी माणसं आठवडाभर पाण्यात राहून आल्यासारखी दिसत होती. क्रिकेटच्या मैदानावरचं गवत निळं, खेळाडूंचे ओठ जांभळे. माझी बहीण आली तेव्हा म्हणाली, "दादा, या सगळ्यांना थंडी वाजतेय का?" मी तिला सांगितलं, असंच असतं, आपल्याला पिवळ्याची सवय झालेली असते. हे काकांचं वाक्य होतं. मी ते उद्धृत केलं. माझा धंदाच तो.

एव्हाना काकांना सगळंच पिवळं दिसायला लागलं होतं. दूधवाला बदलून झाला. जिन्याला पांढरा रंग काढला तेव्हा रंगाऱ्याला दोनदा तो काढायला लावला, आणि तिसऱ्यांदा तो पळून गेला. शाळेच्या मुलांचे गणवेश, वर्तमानपत्राचा कागद, मोगरा. "हल्ली मालच असा येतो," ते म्हणत. मोगऱ्याच्या बाबतीतही कंपनीलाच दोष देत असावेत असं मला वाटायचं. आणि मी, रोज पुस्तकांचे कागद हाताळणारा माणूस, एकदाही स्वतःशी म्हटलं नाही की सगळं जग एकाच वेळी अर्धा पॉइंट कसं उतरेल.

यात सगळ्यात जास्त झळ बसली ती काकूंना. त्यांच्या घरातला जुना, डब्यासारखा टीव्ही बंद पडला, तेव्हा ऑस्ट्रेलियातली नात नुकती पालथी पडायला लागली होती. काकूंना मोठा टीव्ही हवा होता तो मालिकांसाठी नव्हे. सकाळी साडेदहाला लेकीचा व्हिडिओ कॉल येई, तो टीव्हीवर मोठा करून बघता येतो असं त्यांना स्नेहाने सांगितलं होतं. काकांनी शोध सुरू केला. नात रांगली, उभी राहिली, चालली, शाळेत जायला लागली. काका शोधतच होते. "नातीचा रंग चुकवणारा टीव्ही या घरात येणार नाही," असं त्यांनी जाहीर केलं होतं. काकू मला म्हणाल्या, "पोर चालायला लागलं ते मी अंगठ्याएवढं बघितलं. आता ती लंगडी घालते म्हणे. ती पण अंगठ्याएवढीच."

मी म्हटलं, "काकू, तुम्हीच घेऊन टाका ना एखादा."

"घेईन. माझ्या नावावर आहेत पैसे. पण मग रोज शेजारी बसून 'पिवळा, पिवळा' ऐकायचं. कार्टीला बघू का यांना ऐकू?" मग हसून म्हणाल्या, "तुला माहितेय, मला बघायला आले तेव्हासुद्धा खिडकीशी नेऊन उभं केलं होतं. माझ्या आईला वाटलं मुलगा लाजतोय म्हणून पाठ करून उभा आहे. तो उजेड बघत होता."

गेल्या वर्षी एका बुधवारी काकूंनी मला रजा टाकायला सांगितली. आम्ही तिघं रिक्षाने उल्हासनगरला गेलो, कॅम्प पाचमध्ये. काकांचं तिथलं दुकान ठरलेलं होतं, म्हणजे तिथे ते सर्वांत जास्त टीव्ही बाद करून आले होते. दुकानदार सिंधी, मोठ्या मनाचा. त्याने काकांसाठी एक राखाडी कोट खुंटीला टांगून ठेवला होता. आम्ही आत शिरताच त्याने आपल्या तांबड्या शर्टावर तो चढवला.

"आओ साईं, बसा. आज कितने फेल करायचे?"

"लावा," काका म्हणाले आणि पेन ड्राइव्ह पुढे केला.

आठ टीव्ही एका ओळीत लागले. आठ मुली आठ मोरपंखी शालूंत सात पावलं चालल्या. काका पुठ्ठा घेऊन एकेकीसमोर थांबले. "पिवळा. हाही. हा हिरव्याकडे गेलाय. पिवळा."

"काका, शूटिंग पुरानी आहे. शूटिंगवाल्यानेच पिवळी काढली असेल ना?"

"शूटिंग मी तेव्हाच तपासलंय."

तेव्हा काकूंनी पिशवीतून मलमलीत गुंडाळलेलं एक गाठोडं काढलं. दुकानाच्या दारात, उन्हाच्या अलीकडे, सावलीच्या चांगल्या उजेडात त्यांनी ते स्टुलावर उलगडलं. तो लग्नातला शालू होता. लेक परदेशी जाताना तिकडे कुठे नेसू म्हणून ठेवून गेली होती.

"या इकडे," काकू म्हणाल्या. "साडेअकरा वाजलेत. उजेड तुमच्या मनासारखा आहे. हा मूळ नमुना. याच्याकडे बघा आणि सांगा."

काकांनी भोकातून बघितलं. खूप वेळ बघितलं. पुठ्ठा थोडा जवळ नेला, मग लांब.

"हाही उतरलाय," ते म्हणाले.

"किती?"

"अर्धा पॉइंट. पिवळ्याकडे."

"कपाटात होता. काळोखात, मलमलीत. पोरगी गेल्यापासून आज बाहेर काढलाय."

"रेशीम आहे. उतरतं."

काकू दुकानदाराकडे वळल्या. "शेट, तुम्हाला कोणता दिसतो?"

"मोरपंखी, भाभी. एकदम. और टीव्हीमध्ये पण मोरपंखी." मग त्याला राहवलं नाही. "काका, साडीपण कंपनीने खराब भेजी क्या?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी आजवर काकांच्या विरोधात काही बोललो नव्हतो. तीन वर्षं निळे खेळाडू बघितले होते. मी म्हणालो, "मोरपंखी."

"टीव्ही आठ, शालू एक," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "बघणारी माणसं चार. तिघांना एक दिसतंय, एकाला वेगळं. तुम्ही कारखान्यात असतात तर यातलं काय बाद केलं असतं?"

काकांनी पुठ्ठा पिशवीत ठेवला. शालूची एक घडी स्वतः घातली, ती जमली नाही. मग मला म्हणाले, "रिक्षा बघा."

बदलापूरला कुळगावात डोळ्यांच्या एक डॉक्टर आहेत, तिशीतल्या. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. "काका, तुम्ही कितीतरी वर्षं चहाच्या आडून जगाकडे बघताय."

"दुधाचा की कोरा?" काकांनी विचारलं.

"कोरा."

काकांनी मान हलवली. हे माप त्यांना समजलं. मग त्यांनी विचारलं, "हे कधीपासून असेल?"

"नक्की सांगता येत नाही. आठ-दहा वर्षंसुद्धा असतील."

निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती. कारखान्यातल्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी इतका माल परत हौदात पाठवला होता की जुने लोक अजून त्याबद्दल बोलतात. डॉक्टरांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्या लेन्सच्या किमतींविषयी सांगत राहिल्या. काका हाताची बोटं एकेक करून मिटत होते.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा काकू आणि मी समोर होतो. त्यांनी आमच्याकडे बघितलंच नाही. डॉक्टरांच्या कोटाकडे बघितलं. डावा डोळा मिटला, बघितलं. उजवा मिटला, बघितलं. पुन्हा डावा.

"हा कोट पांढरा आहे," ते म्हणाले.

"हो."

"नीळ घातलीय."

"आमच्या मावशी घालतात थोडी."

परतताना रिक्षात ते एकदा हा डोळा, एकदा तो, असं करत बाहेर बघत होते. रस्त्यावरच्या बायकांना गैरसमज होईल अशी मला भीती वाटत होती, पण ते आभाळाकडे डोळे मिचकावत होते.

पंधरा दिवसांनी कॅम्प पाचमध्ये त्यांनी पहिल्या टीव्हीकडे बोट दाखवलं. "हा द्या."

"काका, चेक तो करो," दुकानदार राखाडी कोट चढवत म्हणाला.

"केला. गेल्या चार वर्षांत कंपन्यांनी बरीच सुधारणा केलीय."

दुकानदाराने चेहरा गंभीर ठेवला, याबद्दल मला त्याचा कायम आदर वाटेल. "हो काका. बहुत मेहनत घेतली कंपनीने."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला नात भिंतभर आली. काकू सरळ उठून टीव्हीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. काका म्हणाले, "मागे सरक. तिच्यावर तुझी सावली पडतेय." काकू सरकल्या नाहीत. नातीने लंगडी घालून दाखवली, मग विचारलं, "आजोबा, तुम्ही एक डोळा का बंद करताय?"

"तुला तपासतोय."

"मग?"

"पास," काका म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी दुसऱ्यांदा ऐकला.

महिन्याने डाव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. ते त्यांनी लांबवलं. डॉक्टरांचा फोन आला की म्हणत, "एक जुना नमुना राहू दे, तुलनेला." मला वाटलं, भ्यायले. इमारतीतल्या सगळ्यांना तसंच वाटलं आणि सगळ्यांनी ते एकमेकांना आनंदाने सांगितलं. चार वर्षं चिठ्ठ्या पाठीला लावून टीव्ही बघितलेली माणसं होती ती.

त्याच सुमारास काका लोकांच्या घरी जायला लागले. वेळ दहा ते चारचीच, पण पुठ्ठा नसे. सहज आलो म्हणत, पाणी मागत, टीव्ही लावायला सांगत, एका डोळ्याने बघत, दुसऱ्याने बघत आणि जात. स्नेहाचा तो मोबाईल जुना होऊन तिच्या आईकडे गेला होता, तोही त्यांनी मागून बघितला. माझ्याकडे आले तेव्हा मी बातम्या लावल्या. निळी बाई निळ्या माणसाला प्रश्न विचारत होती. काकांनी दोन्ही डोळ्यांनी आलटून पालटून पाहिलं. मग म्हणाले, "चहा टाका."

ते बाहेर कुणाकडे चहा घेत नसत. त्यांच्या मते कुणाच्याच चहाला रंग नसे. मी गोंधळून आत गेलो. आलो तेव्हा ते रिमोट जागेवर ठेवत होते आणि बातम्या देणारी बाई गव्हाळ होती. तिच्या मागची भिंत पांढरी होती. त्यांनी चहा संपवला, "बरा आहे" म्हणाले आणि गेले.

त्यानंतर पाच महिन्यांनी ते गेले. खुर्चीत, जेवण झाल्यावर. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन तसंच राहिलं. तेराव्यानंतर काकूंनी मला त्यांची एक वही दाखवली. शेवटच्या पानावर इमारतीतली सगळी घरं क्रमाने लिहिली होती. प्रत्येकापुढे दोन आकडे, एक उजव्या डोळ्याचा, एक डाव्याचा, आणि फरक. तळमजल्यावरची दोन घरं राहिली होती.

"ती दोन झाली की दुसरा डोळा करणार होते," काकू म्हणाल्या. "मला म्हणाले, आधी केला तर किती चुकलो ते मोजणार कशाने?"

मी पान बघत राहिलो. माझ्या नावापुढचा फरक सगळ्यांत मोठा होता.

या रविवारी घराला रंग काढायचा म्हणून मी टीव्ही भिंतीवरून उतरवला. पाठीवर, कडेने हात पोचेल तिथे, चार वर्षांपूर्वीची चिठ्ठी होती, 'पास', खाली ती सही. त्या शब्दावर एक सरळ रेघ मारलेली होती. खाली नव्या शाईत, चहाला आधण येईल तेवढ्या वेळात लिहिलेलं, तेच अक्षर होतं.

'टीव्ही बरोबर. डोळा बाद.'

खाली पुन्हा सही, पूर्ण लफ्फ्यासकट. रंगारी पांढरा की मोतिया विचारत होता. मी घड्याळात बघितलं. सव्वाचार वाजले होते. त्याला म्हटलं, उद्या सकाळी दहानंतर सांगतो.